स्विच साधाच, वाट मात्र काचेची

छोट्या कार्यालयाचे संगणक-जाळे दोन इमारतींत विभागले गेले की तांब्याच्या तारेच्या मर्यादा उघड होऊ लागतात. फायबरची जोडणी असलेला साधा, 'अनमॅनेज्ड' स्विच हा त्यावरचा सुटसुटीत उपाय आहे. तो कोणाला पुरेसा ठरतो, कोणाला नाही आणि बसविताना काय सांभाळावे, याचा हा ऊहापोह.

औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लघुउद्योगाचा आराखडा डोळ्यांपुढे आणावा. प्रवेशद्वारालगत कार्यालय, मध्ये यंत्रशाळा आणि भूखंडाच्या मागच्या टोकाला गोदाम. कार्यालयात पाच-सहा संगणक, एक प्रिंटर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर चालविणारा मुख्य संगणक. गोदामात मालाची आवक-जावक नोंदविणारा एक संगणक, वजनकाटा आणि दोन-चार कॅमेरे. गोदामातील कारकून दिवसातून दोनदा वही घेऊन कार्यालयात येत असे, तोवर या दोन टोकांमधील अंतर कोणाच्या खिजगणतीतही नव्हते. मात्र १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिलाची अट आली आणि गाडी फाटकाबाहेर पडण्यापूर्वी गोदामातील नोंद कार्यालयातील संगणकावर दिसणे ही रोजची निकड होऊन बसली.

या निकडीपोटी बहुतेक ठिकाणी जे केले जाते ते सर्वपरिचित आहे. बाजारातून नेटवर्क केबलचे भेंडोळे आणायचे, ते भिंतीवरून, पत्र्यावरून किंवा झाडाच्या आधाराने गोदामापर्यंत ओढायचे आणि दोन्ही टोके स्विचमध्ये खोचायची. काम होते, दिवेही लुकलुकतात. पहिल्या वळिवात वीज कडाडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाचा संगणक 'नेटवर्क उपलब्ध नाही' असा संदेश दाखवू लागतो. कधी स्विचचे एखादे पोर्ट गेलेले असते, कधी संपूर्ण स्विच, तर कधी मुख्य संगणकाचा मदरबोर्डच. दुरुस्तीचा खर्च होतोच. शिवाय गाड्या फाटकाशी खोळंबतात.

यातील दोष स्विचचा नसतो. दोष असतो तो दोन इमारतींमध्ये निवडलेल्या वाटेचा.

'कल्पना'ने घडविलेला बदल

कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडण्यासाठी आज सर्वत्र वापरले जाणारे 'इथरनेट' हे तंत्र अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जन्माला आले. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात त्याची मूळ मांडणी आढळते. प्रारंभी सर्व संगणक एकाच जाड केबलला जोडलेले असत. पुढे 'हब' आले. हबचे काम अगदी ढोबळ होते : एका पोर्टमधून आलेला संकेत उरलेल्या सर्व पोर्टांतून बाहेर पाठवायचा. त्यामुळे एका वेळी एकच संगणक बोलू शके. दोघे एकदम बोलले की संकेतांची टक्कर होई आणि दोघांनाही थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे.

ही अडचण दूर करणारा अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच १९९० साली अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीतून बाजारात आला. तो तयार करणाऱ्या कंपनीचे नाव 'कल्पना' असे होते. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक आणि कंपनीला नाव दिले होते त्यांच्या पत्नीचे. १९९४ मध्ये सिस्को या कंपनीने 'कल्पना' विकत घेतली. स्विचची कल्पना मात्र जगभर पसरली आणि हब हळूहळू अडगळीत गेले.

स्विच हा टपाल कार्यालयातील जुन्या, मुरलेल्या कर्मचाऱ्यासारखा असतो. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला '४८ बिट'चा स्वतंत्र क्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. कोणत्या पोर्टमधून कोणत्या पत्त्याची पाकिटे येतात हे पाहून स्विच आपल्या स्मृतीत एक तक्ता तयार करतो आणि पुढचे पाकीट नेमक्या त्याच पोर्टकडे धाडतो. पत्ता ओळखीचा नसेल तरच ते सगळीकडे पाठविले जाते. त्यामुळे कार्यालयातील दोन संगणक एकमेकांशी बोलत असताना अन्य दोघांचे बोलणे अडत नाही.

ज्याला काही सांगावे लागत नाही

'अनमॅनेज्ड' स्विच म्हणजे ज्यात कोणतीही मांडणी करावी लागत नाही, किंबहुना करताच येत नाही, असा स्विच. त्याला स्वतःचा आयपी पत्ता नसतो, पासवर्ड नसतो, त्याच्यात शिरण्यासाठी पडदा नसतो. वीज दिली, तारा खोचल्या की तो कामाला लागतो. समोरचे यंत्र १०० मेगाबिटचे आहे की १००० मेगाबिटचे, केबल सरळ आहे की उलटसुलट जोडलेली, हे तांब्याच्या पोर्टवर तो आपले आपणच ठरवतो. पाच किंवा आठ पोर्टांच्या अशा बहुतेक स्विचमध्ये पंखा नसतो आणि त्यांचा वीजवापरही काही वॅटपुरताच असतो.

ज्या कार्यालयात संगणकतज्ज्ञ नेमलेला नाही, तेथे हा साधेपणा मोठा गुण ठरतो. बिघाड झाला तर दुकानातून तसाच दुसरा स्विच आणून शिपाईसुद्धा तारा जागच्या जागी लावू शकतो. मॅनेज्ड स्विच बदलायचा तर त्याची जुनी मांडणी जपून ठेवलेली हवी आणि ती पुन्हा भरणारा माणूसही हवा. अनेक छोट्या कार्यालयांत मॅनेज्ड स्विच विकत घेऊन तो कारखान्यातून आला तसाच, मूळ पासवर्डसह वापरला जातो. अशा वेळी त्याच्यावर केलेला जादा खर्च वाया जातोच, शिवाय कुणालाही उघडता येईल असे एक दार जाळ्यात राहून जाते.

शंभर मीटरची वेस

तांब्याच्या नेटवर्क केबलला प्रमाणित मर्यादा आहे ती १०० मीटरची. त्यातही ९० मीटर भिंतीतील कायम केबल आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या तारा, असा हिशेब धरला जातो. हे अंतर हवाई नव्हे, तर केबलच्या प्रत्यक्ष लांबीचे असते. नकाशावर ७० मीटर दिसणारे गोदाम भिंतीवर चढून, छताला वळसा घालून आणि खाली उतरून सहज ११० मीटरवर जाते. या मर्यादेपलीकडे जाळे एकदम बंद पडेलच असे नाही. ते कधी १००० ऐवजी १०० मेगाबिटवर येते, कधी दुपारच्या उन्हात तुटते आणि रात्री आपोआप जुळते. असा लहरी बिघाड शोधणे पूर्ण बंद पडलेल्या जाळ्यापेक्षा कठीण असते.

यावर वाटेत, खांबावरच्या पेटीत आणखी एक स्विच बसवून अंतर वाढविण्याचा तोडगा काढला जातो. तत्त्वतः तो चुकीचा नाही. परंतु त्या पेटीपर्यंत वीज न्यावी लागते, पावसापासून ती जपावी लागते आणि उन्हाळ्यात बंद पेटीतील तापमान स्विचला सोसेनासे होते.

अंतराहूनही गंभीर प्रश्न आहे तो विजेचा. महाराष्ट्रात वळिवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत, आणि पुन्हा परतीच्या पावसात विजांचा कडकडाट अधिक असतो. वीज थेट इमारतीवर पडावी लागते असे नाही. ती जवळपास जमिनीत उतरली, तरी दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड विद्युतदाबाचा फरक निर्माण होतो. त्या दोन इमारतींना तांब्याची तार जोडत असेल, तर तो फरक या तारेतून वाट काढतो. शिवाय लांब तार ही आजूबाजूच्या विजेचा लोळ टिपणाऱ्या अँटेनासारखी वागते. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये संरक्षक रोहित्र असते आणि प्रमाणानुसार त्याने १५०० व्होल्टचा दाब मिनिटभर सोसला पाहिजे. विजेपासून उद्भवणारा लोळ याच्या कित्येक पट असू शकतो. पोर्ट जळते ते यामुळे.

काचेतून प्रकाश

फायबरमध्ये तांबे नसते. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाचे स्पंद जातात. काचेतून वीज वाहत नाही. त्यामुळे दोन इमारतींचे अर्थिंग एकमेकांपासून अलग राहते. एका टोकाला विजेचा फटका बसला तरी तो तंतूतून दुसऱ्या टोकाकडे जात नाही. यंत्रशाळेतील मोठ्या मोटारी, वेल्डिंगची यंत्रे यांचा खडखडाटही काचेतील प्रकाशाला बाधत नाही. छोट्या उद्योगाच्या दृष्टीने फायबरचा खरा लाभ वेगापेक्षाही हा अलगपणा आहे.

दुसरा लाभ अंतराचा. काचेच्या तंतूतून दूरवर संदेश पाठविता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द रूढ करणारे नरिंदरसिंग कपानी हे मूळचे पंजाबातील मोग्याचे. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. महाराष्ट्राचाही या काचेशी जवळचा संबंध आहे. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे फायबर व त्यासाठी लागणाऱ्या काचेचे कारखाने आहेत.

फायबरचे मुख्य प्रकार दोन. मल्टिमोड तंतूचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉन जाडीचा असतो, तर सिंगल मोडचा साधारण ९ मायक्रॉनचा. एक हजार मेगाबिटच्या वेगाला मल्टिमोडवर ८५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरला, तर ५० मायक्रॉनच्या तंतूवर ५५० मीटरपर्यंत आणि जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या तंतूवर २२० ते २७५ मीटरपर्यंत मजल जाते. सिंगल मोडवर १३१० नॅनोमीटरचा प्रकाश वापरून १० किलोमीटरपर्यंत जाणारी मॉड्यूल सर्रास मिळतात. भूखंडातल्या भूखंडात मल्टिमोडही पुरेसा असला, तरी नव्याने केबल टाकताना सिंगल मोडच निवडणे शहाणपणाचे आहे. दोन्हींच्या मॉड्यूलच्या किमतींत आज फारशी तफावत उरलेली नाही आणि उद्या वेग दहापट वाढवायचा झाला तरी जमिनीतील केबल तीच राहते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

बाजारात फायबरची सोय असलेले अनमॅनेज्ड स्विच तीन तऱ्हांचे आढळतात. काहींत फायबरचे पोर्ट कायमचे बसविलेले असते. काहींत 'एसएफपी' नावाची रिकामी खाच असते. तिच्यात गरजेनुसार मॉड्यूल घालायचे. तिसऱ्या तऱ्हेत 'कॉम्बो' पोर्ट असते, म्हणजे तांब्याचे एक पोर्ट आणि शेजारची एसएफपी खाच मिळून एकच पोर्ट मोजले जाते; दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. पेटीवर 'आठ अधिक दोन' लिहिलेले असले, तरी ते दोन स्वतंत्र आहेत की सामाईक, हे विचारून घ्यावे.

खाच असलेला स्विच घेणे सर्वांत लवचीक. मात्र मॉड्यूल बहुधा स्विचच्या किमतीत येत नाही, याची जाणीव ठेवावी. दोन्ही टोकांची मॉड्यूल एकमेकांना जुळणारी हवीत : तंतूचा प्रकार, प्रकाशाची तरंगलांबी आणि वेग या तिन्ही बाबतींत. तांब्याच्या पोर्टप्रमाणे फायबरचे पोर्ट वेग आपोआप जुळवून घेत नाही. एका टोकाला जुना १०० मेगाबिटचा मीडिया कन्व्हर्टर आणि दुसऱ्या टोकाला १००० मेगाबिटचे मॉड्यूल लावले, तर दिवा लागणारच नाही. एकाच तंतूवरून दोन्ही दिशांनी संदेश नेणारी 'बाय-डाय' मॉड्यूलही मिळतात. ती जोडीनेच घ्यावी लागतात, कारण एक ज्या तरंगलांबीवर पाठवते, दुसऱ्याने ती ऐकायची असते. दोन्ही टोकांना एकाच जातीचे मॉड्यूल लावले तर दोघेही बोलत राहतात, ऐकत कोणीच नाही.

सध्याचा स्विच चांगला असेल आणि त्यात फायबरची सोय नसेल, तर दोन मीडिया कन्व्हर्टर लावून काम भागते. परंतु प्रत्येक कन्व्हर्टरला वेगळा अडॅप्टर लागतो आणि बिघाडाची दोन ठिकाणे वाढतात.

कॅमेरे असतील तर आणखी एक हिशेब करावा. तांब्याच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देण्याची सोय, म्हणजे 'पीओई', असलेले स्विच मिळतात. २००३ च्या प्रमाणानुसार असे पोर्ट १५.४ वॅटपर्यंत, तर २००९ च्या प्रमाणानुसार ३० वॅटपर्यंत वीज देऊ शकते. तथापि, सर्व पोर्टांची मिळून एकूण क्षमता ठरलेली असते. ती कॅमेऱ्यांच्या एकत्रित गरजेपेक्षा कमी नाही ना, हे पाहावे. फायबरमधून वीज जात नसल्याने गोदामातील स्विचला तेथेच वीज आणि छोटा यूपीएस हवा. कार्यालयात यूपीएस आहे पण गोदामात नाही, अशा स्थितीत वीज गेली की काचेची वाट शाबूत असूनही दुवा तुटतो.

सेवा पुरवठादाराचे फायबर वेगळे

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इंटरनेट सेवा पुरवठादाराने घरात वा कार्यालयात आणलेले फायबर बहुधा 'जीपॉन' पद्धतीचे असते. त्यात एकच तंतू प्रकाश विभागून अनेक ग्राहकांना दिलेला असतो आणि त्याची भाषा साध्या इथरनेटपेक्षा निराळी असते. तो तंतू स्विचच्या साध्या मॉड्यूलमध्ये थेट खोचून चालत नाही. त्यासाठी पुरवठादाराने दिलेला ओएनटी हा डबाच लागतो. त्याचा हिरवा जोडक आणि स्विचच्या मॉड्यूलला लागणारा निळा जोडकही एकमेकांत बसवू नयेत, कारण हिरव्याचे टोक तिरके घासलेले असते. स्विचला फायबरचे पोर्ट आहे म्हणून इंटरनेटचा वेग वाढेल, ही अपेक्षाही फोल आहे. हे पोर्ट आपल्याच दोन इमारती जोडण्यासाठी असते.

जुनी तार काढलीच पाहिजे

साध्या स्विचची सर्वांत मोठी उणीव 'फेरा' ओळखता न येणे ही होय. समजा, कार्यालय आणि गोदाम यांच्यात नवे फायबर टाकले. परंतु जुनी तांब्याची केबलही 'असू दे, कधी फायबर तुटले तर उपयोगी पडेल' म्हणून जोडलेली ठेवली. आता दोन स्विचमध्ये दोन वाटा झाल्या. सर्वांसाठी पाठविलेले एखादे पाकीट एका वाटेने जाते, दुसरीने परत येते आणि पुन्हा पहिलीने जाते. इथरनेटच्या पाकिटाला आयुर्मर्यादा नसते; ते फिरतच राहते, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळे जाळे गुदमरते. सर्व दिवे वेड्यासारखे लुकलुकतात, पण एकही संगणक काम करीत नाही. टेबलाखाली लोंबकळणाऱ्या एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एका स्विचमध्ये खोचली तरी असेच घडते.

यावरील उपाय रेडिया पर्लमन या संगणकतज्ज्ञ महिलेने १९८५ मध्ये शोधून काढला. 'स्पॅनिंग ट्री' नावाच्या या पद्धतीत स्विच एकमेकांशी बोलून जादा वाट आपण होऊन बंद ठेवतात आणि मुख्य वाट तुटली की ती उघडतात. मॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय असते. अनमॅनेज्डमध्ये ती सहसा नसते. काहींत फक्त फेरा झाल्याची सूचना देणारा दिवा असतो.

म्हणून साधे स्विच वापरणाऱ्यांनी एक नियम कसोशीने पाळावा : फायबर चालू झाले त्याच दिवशी जुनी तांब्याची केबल दोन्ही टोकांनी काढावी. नुसती एका टोकाला सोडवून ठेवणेही बरे नव्हे, कारण कुणीतरी ती पुन्हा लावतोच. शिवाय ती जोडलेली राहिली, तर ज्या विजेपासून बचावासाठी फायबर टाकले, तिची वाट खुलीच राहते. या एका चुकीने फायबरचा सारा खर्च निष्फळ ठरतो.

मॅनेज्ड स्विच कोणाला हवा?

साधा स्विच पाहुण्याला आणि घरच्याला वेगळे ओळखत नाही. रिकाम्या पोर्टमध्ये ज्याने तार खोचली तो जाळ्यात आला. कोणी आपला राउटर आणून जोडला आणि तो संगणकांना भलतेच पत्ते वाटू लागला, तरी साधा स्विच त्याला अडवू शकत नाही. म्हणून ज्या ठिकाणी ग्राहकांना वाय-फाय द्यायचे आहे, कॅमेऱ्यांचे जाळे हिशेबाच्या संगणकांपासून अलग ठेवायचे आहे किंवा रुग्णांची अथवा ठेवीदारांची माहिती हाताळली जाते, तेथे एकाच स्विचमध्ये वेगवेगळे कप्पे करण्याची, म्हणजे 'व्हीलॅन'ची, सोय आवश्यक ठरते. पूर्ण मॅनेज्ड स्विच परवडत नसेल, तर वेब ब्राउजरवरून मोजकी मांडणी करू देणारे 'स्मार्ट' स्विच हा मधला मार्ग आहे.

नोंदींचाही मुद्दा आहे. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणकीय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत देण्यात आली होती. साधा स्विच कोणतीही नोंद ठेवत नाही. तो वापरायचा तर नोंदी ठेवण्याचे काम राउटर किंवा फायरवॉलकडून करून घ्यावे लागेल.

याउलट पाच ते पंधरा यंत्रे, सर्व वापरणारे ओळखीचे, दोनच इमारती आणि त्यांच्यात एकच वाट, असे चित्र असेल तर साधा स्विच पुरेसा आहे. भार वाढण्याची भीतीही बहुधा अनाठायी असते. एक कॅमेरा सुमारे ४ मेगाबिट घेतो असे धरले, तर १६ कॅमेरे ६४ मेगाबिट घेतील. एक हजार मेगाबिटच्या फायबरला ते किरकोळ आहे. मात्र मधला दुवा १०० मेगाबिटचा असेल तर त्याचा दोन-तृतीयांश भाग कॅमेरेच खातील. म्हणून पोर्ट कमी चालतील, पण वेग १००० मेगाबिटचाच घ्यावा.

काम करवून घेताना

फायबरच्या कामात खर्चाचा मोठा वाटा स्विचचा नसून चर खोदणे, पाइप टाकणे आणि काचेची जोडणी यांचा असतो. त्यामुळे गरज दोन तंतूंची असली तरी सहा तंतूंची केबल टाकून घ्यावी. तांब्याची तार तुटली तर चिमट्याने नवे टोक बसविता येते. काच तुटली तर ती वितळवून जोडणारे यंत्र आणि ते चालविणारा कारागीर लागतो. तालुक्याच्या ठिकाणी तो त्याच दिवशी मिळेलच असे नाही. राखीव तंतू असेल तर सुटी तार त्यावर वळवून काम पुढे चालते. अर्थात संपूर्ण केबलच कुदळीने तुटली तर राखीव तंतूही जातात. म्हणून ती पाइपमधून आणि पुरेशी खोल जावी, तिचा मार्ग नकाशावर नोंदलेला असावा.

उंदीर-घुशींपासून बचावासाठी पोलादी कवचाची केबल सुचविली जाते. तिचा एक धोका विसरता कामा नये : काचेतून वीज जात नसली तरी कवचातून जाते. इमारतीत शिरताना हे कवच कापून नीट अर्थिंगला जोडावे, अथवा धातू नसलेली केबल चांगल्या पाइपमधून न्यावी. त्याचप्रमाणे फायबर संदेशाच्या वाटेने येणारा विजेचा फटका टाळते, अडॅप्टरच्या वाटेने येणारा नव्हे. चांगले अर्थिंग आणि विद्युतलोळ रोखणारे उपकरण यांची गरज त्यामुळे संपत नाही.

जोडणी झाल्यावर दिवा लागला नाही, तर प्रथम एका टोकाच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. एका टोकाचा 'पाठविणारा' तंतू दुसऱ्या टोकाच्या 'घेणाऱ्या'त गेला पाहिजे आणि नेमकी हीच गफलत वारंवार होते. जोडकाचे टोक बोटाने पुसू नये. रिकाम्या टोकावर टोपण ठेवावे. तार खिळ्याभोवती घट्ट गुंडाळू नये, कारण तीव्र वळणावर प्रकाश निसटतो. सर्वांत महत्त्वाचे, तंतूच्या टोकात डोळा लावून उजेड येतो का, हे कधीही पाहू नये. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. कंत्राटदाराने प्रत्येक तंतूची प्रकाशहानी मोजून तिचा लेखी तक्ता द्यावा, अशी अट आधीच घालावी. एक किलोमीटरहून कमी अंतरात काचेतील हानी नगण्य असते. आकडा मोठा आला तर दोष बहुधा जोडणीत किंवा अस्वच्छ टोकात असतो.

चर खोदणे शक्यच नसेल तर दोन छपरांवर अँटेना बसवून बिनतारी दुवा उभारता येतो. त्यासाठी दोन्ही टोके एकमेकांना थेट दिसावी लागतात आणि छपरावरून खाली येणारी केबल पुन्हा तांब्याचीच असते. तिला विजेपासून वेगळे संरक्षण द्यावे लागते.

थोडक्यात, एका खोलीत वा एका इमारतीत तांब्याची तार उत्तम आहे. दोन इमारतींमध्ये मात्र काचच हवी. दोन्ही टोकांना महागडी यंत्रे असलीच पाहिजेत असे नाही. फायबरची खाच असलेले दोन साधे स्विच, जुळणाऱ्या मॉड्यूलची जोडी, काही राखीव तंतू आणि 'वाट एकच' हा नियम, एवढ्यावर छोट्या कार्यालयाचे काम वर्षानुवर्षे चालू शकते. वळीव दरवर्षी येणारच आहे. त्यापूर्वीच्या महिन्यात दोन इमारतींमधील तार एकदा नजरेखालून घालणे, हे प्रत्येक उद्योजकाच्या हिताचे ठरेल.